फुल मॅरेथॉनला (४२ किमी) १२ आठवडे राहिलेत आणि पळावंसंच वाटत नाहीये

निळे_बूट
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. वय ४१, फुल टाइम नोकरी, दोन मुलं, पळायला लागून चार वर्षं झाली. तीन हाफ (२१ किमी) झाल्यात, शेवटची २ तास ८ मिनिटांत. आता पहिली फुल आहे, २० आठवड्यांचा प्लॅन, त्यातले ८ झाले. सुरुवातीला इतका उत्साह होता की रात्रीच कपडे काढून ठेवायचे. पण गेले तीन आठवडे काय झालंय कळत नाही, अलार्म ४.४० ला वाजतो, मी उठतेही, आणि मग एक मोजा पायात एक हातात अशी पलंगाच्या कडेला नुसती बसून राहते, दहा दहा मिनिटं. मग कशीबशी जाते. आठवड्याला पाच दिवस मिळून ५० किमी होतात, पेस सगळीकडे किमीला ६:१५ मिनिटांच्या आसपास ठेवते कारण त्याहून हळू गेलं की वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. आधी त्याच पेसला हार्ट रेट १५५ असायचा, आता १६५ च्या वर जातो. मागच्या रविवारी २४ चा लाँग रन होता, १९ ला पाय थांबलेच, उरलेलं चालत आले आणि घरी येऊन रडले. नवरा म्हणतो एवढा त्रास होतो तर सोडून दे. सोडायचं नाहीये मला. पण इच्छाशक्ती कमी पडतेय का माझी? तुम्ही लोक यातून कसे बाहेर पडता?

सावकाश_चला
ताई, इच्छाशक्तीचा प्रश्नच नाहीये हा. तुमची हाफ २:०८ म्हणजे पेस आला ६:०४. आणि रोजचं पळणं ६:१५. म्हणजे आठवड्यातले पाचही दिवस तुम्ही जवळपास रेसच पळताय, आणि वर नोकरी, घर, मुलं. कुठलंही शरीर कंटाळेल. मोजा हातात घेऊन बसणं हा आळस नाही, शरीर सांगतंय तुम्हाला, आणि हार्ट रेटही तेच सांगतोय.
इझी रन ७:००-७:२० ने करा, उन्हात किंवा चढावर अजून हळू. घड्याळ बघू नका, बोलून बघा, पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं तरच तो इझी. नॉर्वेत काम करणारे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या ट्रेनिंगचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की त्यांची साधारण ८० टक्के सेशन्स हळूच असतात. जे पळण्यावर जगतात ते हळू पळतात आणि आपण नोकरी करून रोज जोरात, हे उलटं आहे. हळू पळण्यात वेळ फुकट जात नाही, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबी जाळायची क्षमता वाढते, आणि फुलमध्ये ३० किमीच्या पुढे तीच कामाला येते कारण ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा, साठा तोपर्यंत संपत आलेला असतो.
कॅनडाचे धावपटू एड व्हिटलॉक यांचं उदाहरण मला फार आवडतं. २००४ मध्ये टोरंटोला वयाच्या ७३ व्या वर्षी फुल मॅरेथॉन २:५४:४८ मध्ये. आणि सराव काय, तर घराजवळच्या दफनभूमीत तासन् तास संथ फेऱ्या.

पाऊलवाट
वरचं सगळं पटतं, पण फक्त पेसवर ढकलू नका, आधी रक्त तपासून घ्या. माझी हीच गोष्ट झाली होती. तीन महिने मी स्वतःला आळशी म्हणत होते, हिमोग्लोबिन नॉर्मल होतं म्हणून सगळे म्हणाले काही नाही, मग दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करायला सांगितलं आणि ते तळाला गेलेलं. लांब पळणाऱ्या बायकांमध्ये हे खूप दिसतं. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका, लोह जास्त झालं तरी वाईटच.
आणि एक विचारते, राग मानू नका, खाणं पुरतंय का? पहाटे उपाशी पळून, धावपळीत डबा अर्धा खाऊन, संध्याकाळी दमून झोपणं असं चालू असेल तर शरीर एकेक गोष्ट बंद करत जातं. पाळी लांबायला लागली असेल तर ते अजिबात दुर्लक्ष करायचं लक्षण नाही. दीड तासाच्या वरच्या रनला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. १९ ला पाय थांबले त्यात याचाही वाटा असू शकतो.

रविवार_लाँगरन
मी एवढंच सांगेन की एक आठवडा निम्मा करा. मी पहिल्या फुलच्या वेळी हे केलं नाही, प्लॅनमधला एक चौकोन रिकामा राहिला की जीव जायचा माझा, शेवटी नडगीचं दुखणं घेऊन बसलो आणि रेसच्या दिवशी कडेला उभा राहून टाळ्या वाजवल्या. आठ-दहा दिवसांत कमावलेलं फारसं जात नाही. आणि घरच्यांशी नीट बोला, तुमचे मिस्टर वैतागून नाही, काळजीने म्हणत असतील. माझ्या बायकोला मी प्लॅन दाखवला, फ्रिजवर लावला, तेव्हापासून रविवारी मी परत येईपर्यंत घरातलं ती बघते आणि शनिवारी संध्याकाळी मी. आधी मी नुसताच गायब व्हायचो, तिला कळायचंही नाही किती वाजता येणार.

निळे_बूट
सगळ्यांचे मनापासून आभार. डबा अर्धा राहतो हे खरंय, कसं ओळखलंत. आज ७:२० ने गेले. पहिले दोन किमी फार जड गेले, पायांना नाही, मनाला, रोज ज्यांना मागे टाकते ते काका पुढे निघून गेले. पण तिसऱ्या किमीनंतर श्वास लागलाच नाही, ८ किमी झाले, हार्ट रेट १३८, आणि घरी येऊन मुलीची वेणी घालताना लक्षात आलं की हात थरथरत नाहीयेत. रोज थरथरायचे, मला वाटायचं तसंच असतं. शनिवारी रक्त द्यायला जाते. रविवारी प्लॅनमध्ये २६ आहेत, ते करू की १६ करू?

सावकाश_चला
१६. आणि काकांबरोबर.