एक क्वार्टर म्हणजे किती ड्रिंक? (प्रबंधासाठी मदत हवी)

कोरडवाहू

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय आहे ऊसतोड करणाऱ्या पुरुषांमधलं दारूचं व्यसन. माझं गाव बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात, इथून टोळ्या ऊसतोडीला जातात, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आई-दादा सोळा हंगाम कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला गेले, मी आजीपाशी राहून शिकले. सध्या कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या तळावर, कोप्यांमधून (तोडकऱ्यांच्या झोपड्या) फिरून मुलाखती घेतेय.

सरांनी सांगितलं की ऑडिट नावाची प्रश्नावली वापर. जागतिक आरोग्य संघटनेची आहे, दहा प्रश्न, ४० गुण, ८ किंवा जास्त आले की धोक्याचं पिणं. मराठी भाषांतर मिळालं. दुसरा प्रश्न असा: ‘ज्या दिवशी दारू पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक घेता?’

पहिलेच भाऊ म्हणाले, “एकच.”

मी विचारलं, एकच काय? “एकच की ताई. सांजच्याला एक, बास.” मी ‘एक किंवा दोन’च्या चौकोनात खूण केली. मागं चुलीशी त्यांची बायको भाकरी थापत होती, ती हसली आणि म्हणाली, “एक क्वार्टर, असं सांगा की बाईला.”

रात्री वहीवर हिशोब केला. क्वार्टर १८० मिलीची, बाटलीवर लिहिलेलं ४२.८ टक्के. म्हणजे शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, वजनात साधारण ६१ ग्रॅम. प्रश्नावलीचं एक ड्रिंक १० ग्रॅमचं. एक क्वार्टर म्हणजे सहा ड्रिंक झाली!

आता गंमत बघा. रोज पितात म्हणून पहिल्या प्रश्नाचे ४. ‘एकच ड्रिंक’ धरलं तर दुसऱ्याचे ० आणि तिसऱ्याचे (एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा) तेही ०. बाकी सगळ्याला ते ‘कधीच नाही’ म्हणाले. एकूण ४, म्हणजे माणूस ठणठणीत. क्वार्टरला सहा धरलं तर ४ अधिक २ अधिक ४, एकूण १०. माणूस तोच, बाटली तीच, नुसता माझा चौकोन चुकला. आणि असे बारा अर्ज मी आधीच भरून ठेवलेत.

दुसरी अडचण वर्षाची. प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल आहेत. पण यांचं वर्ष एक नसतं, दोन असतात. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तळावर. इथं अंग मोडून येतं, आणि रोज वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) विकून रोख पैसाही हातात येतो. गावी गेल्यावर तो रोजचा पैसा नाही, वर म्हातारे आईबाप समोर. “गावाकडं मी पितच नाही” असं तिघांनी सांगितलं आणि ते मला खोटं वाटलं नाही. मग ‘आठवड्यातून किती वेळा’ला कुठला आठवडा धरू?

तिसरं म्हणजे हातभट्टी. प्लास्टिकच्या पिशवीत येते, तिच्यावर टक्के कोण लिहिणार?

सर म्हणतात, प्रमाणित प्रश्नावलीत ढवळाढवळ नको. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

पारावरचा

ताई, राग मानू नका, पण दारू वाईट हे सांगायला प्रबंध कशाला लागतो? आमच्या पारावर कुणालाही विचारा. कागद भरून कुणाची सुटली ते एकदा दाखवा.

सिस्टरबाई

कोरडवाहू, तुझं डोकं बरोबर चाललंय. सरांना सांग की प्रश्नाला हात लावायचा नाही, पण ‘ड्रिंक’ म्हणजे काय ते तिथल्या भाषेत सांगायलाच हवं. ती मुभा प्रश्नावलीच्या मार्गदर्शिकेतच दिलेली आहे. ही प्रश्नावली तयार झाली तेव्हा नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका अशा सहा देशांत तपासली होती. आपली क्वार्टर त्यात कुठून येणार?

मी सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात तीस वर्षं काढली. माझी युक्ती सांगते. किती पिता असं विचारायचंच नाही. पिशवीत रिकाम्या बाटल्या ठेवायच्या: नव्वदची, क्वार्टर, बिअरची मोठी आणि एक स्टीलचा पेला. समोर मांडायच्या आणि म्हणायचं, काल कुठली होती ते उचला. माणूस आकड्यात लाजतो, बाटली उचलताना लाजत नाही. हिशोब तू घरी कर. तीस मिलीचा पेग एक ड्रिंक, नव्वद म्हणजे तीन, क्वार्टर सहा. आठ टक्क्यांची ६५० मिलीची स्ट्राँग बिअर चार. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणारे इथंच फसतात. हातभट्टीचं पेल्यात पाणी ओतून माप घे आणि वेगळ्या रकान्यात लिही, टक्के ठोकून देऊ नकोस.

आता न विचारलेलं. तुझे प्रश्न ऐकून एखादा म्हणेल, उद्यापासून बंद. शाबास म्हणू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम. आमच्याकडे एक पाय मोडून आलेला माणूस होता. हाडाचं सगळं नीट झालं, दारूचं कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. मुंग्या नव्हत्याच. नातेवाईक म्हणाले बाहेरचं झालंय, लिंबू घेऊन आले. तेव्हापासून माझ्या पाळीत केसपेपरवर पहिला प्रश्न ‘शेवटची कधी घेतली’. आणि अशा माणसाला सलाइन लावताना आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. उलटं केलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे तुझ्या प्रबंधात नसेल, पण तळावर उपयोगी पडेल.

मांडवीपलीकडचा

पारावरच्यांना उत्तर देतो. कागद भरून सुटते का? आमच्या गोव्यात हे तपासून झालंय. संगात या संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर अभ्यास केला, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. माणसं निवडली ती याच ऑडिटवर, १२ ते १९ गुणांची. अर्ध्यांना नेहमीची सेवा, अर्ध्यांना शिवाय समुपदेशन, फार तर चार बैठका. समुपदेशक डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा, गेल्या दोन आठवड्यांत थेंबही नाही असं म्हणणारे समुपदेशनवाल्यांत ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८.

आता कोरडवाहूताईंच्या चार गुणांच्या भाऊंना त्या दारातून आत घेतलंच नसतं. चौकोन चुकला की पुढचं सगळं चुकतं ते असं.

दोन वर्षांच्या वर्षाबद्दल: कॅलेंडर समोर ठेवून मागे मागे जायची एक पद्धत संशोधनात रूढ आहे. बाजाराचा वार, पगाराचा दिवस, सण, कुणाचं लग्न अशा खुणा लावायच्या आणि एकेक दिवस भरत जायचं. आमच्याकडे तर ऋतूच वेगळा. मार्च ते मे उर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, ती फेणीपेक्षा कितीतरी सौम्य, तेव्हा पेले मोजून काहीच कळत नाही. तुम्ही तळाचा एक महिना आणि गावचा एक महिना असे दोन तक्ते करा. ऑडिट जसंच्या तसं ठेवा, हे पुरवणी म्हणून जोडा. सरांचीही तक्रार राहणार नाही.

चूल_आणि_मी

वरच्या अभ्यासातलं एक मांडवीपलीकडच्यांनी सांगितलं नाही. नवरा-बायकोतल्या मारहाणीत दोन गटांमध्ये फरक दिसला नव्हता. दारू थांबली की हातही थांबेल असं समजून आमच्या पिढीच्या बायकांनी वर्षं काढली, म्हणून मी अशा बातमीत आधी तेवढंच शोधते.

कोरडवाहू, एक विचारते. ती चुलीपाशी हसलेली बाई. तुम्ही वही मिटून गेल्यावर त्या रात्री तिच्या कोपीत काय झालं असेल, विचार केलात?

बायकोला विचाराच, तिला जास्त माहीत असतं. पण वेगळं विचारा, पाण्याला जाताना किंवा मोळ्या बांधताना. आणि तिचं उत्तर त्याच कागदावर लिहू नका.

कोरडवाहू

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, तळावर रेंज नाही.

चूल_आणि_मी, नव्हता केला विचार. काल मुद्दाम गेले. ताई वाढ्याच्या पेंढ्या बांधत होत्या. मी शेजारी बसून बांधू लागले, येतं मला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या दिवशी जास्त बोलले मी.” एवढंच. मी पुढं विचारलं नाही. आता मुलाखतीला नवरा एकटा असेल तेव्हाच बसते, आणि बायकांचं वेगळ्या वहीत, नावाशिवाय, नुसत्या क्रमांकानं. ती वही मुकादमाच्या (टोळी आणणारा ठेकेदार) नजरेस पडू देत नाही. उचल (आगाऊ पैसे) दिलेल्या माणसांपैकी कोण किती पितो हे त्याला कळलं तर पुढच्या हंगामाच्या ठरावात काय होईल ते मला घरी बघून माहीत आहे.

सिस्टरबाई, तुमच्या बाटल्या गोळा केल्या (भंगारवाल्यानं माझ्याकडे जे बघितलं ते विचारू नका). पहिल्या भाऊंसमोर परत मांडल्या. त्यांनी क्वार्टर उचलून पुढं ठेवली. थोडं थांबले. मग नव्वदची उचलून तिच्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, “सकाळची धरायची का?”

सहावा प्रश्न नेमका तोच आहे, सकाळी उठल्यावर लागते का. आधी ते ‘कधीच नाही’ म्हणाले होते. विचारलं तर म्हणाले, ती दारू नाही, ती औषध, त्याशिवाय कोयता धरवत नाही. नऊ ड्रिंक झाली. दुसऱ्याचे ३, सहाव्याचे ४. एकूण १५.

बारा अर्ज पुन्हा भरणार. सर तयार झाले, पुरवणीसकट.

सिस्टरबाई

कोयता धरवत नाही म्हणजे हात कापतात. त्यांना एकदम सोडायला सांगू नकोस, कुणाला सांगूही देऊ नकोस. दवाखान्यात दाखल होऊनच सोडायची. जवळचं ग्रामीण रुग्णालय किती लांब?

कोरडवाहू

अकरा किलोमीटर. टोळीचा ट्रॅक्टर सोडला तर वाहन नाही. आणि खाडा (कामाचा दिवस चुकला) झाला की जोडीतल्या दोघांची मजुरी बुडते. परवा कारखान्याच्या गव्हाणीवर (ऊस उतरवायची जागा) गाड्यांचा नंबर लांबला की अर्धा दिवस मोकळा मिळतो म्हणे, तेव्हा नेता येईल का ते ताईंनाच विचारते.