मदत हवी आहे: घरगुती ऑक्सिजनचा व्यवसाय, विम्याचे घटलेले दर

अमेरिकेत ओहायोत आमचं घरगुती वैद्यकीय उपकरणांचं छोटं दुकान आहे. निम्म्याहून जास्त काम ऑक्सिजनचं. आमचा भाग मेडिकेअरच्या (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) ग्रामीण यादीत नाही, त्यामुळे २०२३ अखेर ७५/२५ चे मिश्र दर (७५ टक्के नवे कमी केलेले, २५ टक्के जुने) संपले तसं उत्पन्न घसरलं. ऑक्सिजन यंत्राचं भाडं ३६ महिनेच मिळतं. पुढचे २४ महिने यंत्र आमचं, जबाबदारी आमची, भाडं नाही. परवा एका आजींकडे ४० मैल जाऊन नळी बदलली, फिल्टर धुतला. त्या जादा फेरीचे पैसे कुठूनच येणार नाहीत, पण त्यांना नाही कसं म्हणायचं?

सिलिंडरऐवजी पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं सोबत नेता येणारं यंत्र) देऊन फेऱ्या कमी केल्या. बिलिंग बाहेर दिलं होतं, पण नामंजूर क्लेम वाढले म्हणून परत घेतलं. सीपॅपचे (झोपेत श्वास अडकणाऱ्यांसाठीचं यंत्र) मास्क, कमोड खुर्च्या रोखीने विकतो. तेवढ्याने भागत नाही.

आता एक मेडिकेअर ॲडव्हान्टेज प्लॅन (खासगी कंपनीमार्फत चालणारा मेडिकेअरचा पर्याय) मेडिकेअरहूनही कमी दर देतोय. कराराचं नूतनीकरण तीन महिन्यांवर आहे. चालू रुग्णांना वाऱ्यावर सोडायचं नाही, एवढं पक्कं.

असा करार कोणी सोडला आहे का? ३६ महिन्यांच्या आतले रुग्ण दुसऱ्या पुरवठादाराकडे कसे सोपवलेत, आणि त्यानंतर डॉक्टरांकडून येणारे बाकीचे रुग्ण कमी झाले का?