मदत हवी आहे: पोस्टग्रेसची रेप्लिका सारखी पडतेय, आणि पार्टी कोड असून सापडत नाही

सियागंजचा मुनीम:
नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय, मध्येच हिंदी घुसली तर सांभाळून घ्या.

सियागंजातल्या एका ठोक किराणा पेढीचं बिलिंग मी बघतो. डेटाबेस पोस्टग्रेस १४, डेटा साधारण ६० जीबी, प्रायमरी (मूळ डेटाबेसचं मशीन) पेढीवरच, जुन्या सेंटओएस ७ लिनक्सवर. पावसात दुकानात पाणी शिरलं तेव्हापासून मालकांनी धास्ती घेतलीय. म्हणून पालद्याच्या गोदामात दुसरं मशीन ठेवलं, त्यावर रॉकी ८ लिनक्स टाकलं आणि स्ट्रीमिंग रेप्लिकेशन लावलं, म्हणजे पेढीवरचे बदल तिकडच्या प्रतीत, रेप्लिकात, आपोआप उतरत राहतात.

रेप्लिका दोन-चार दिवस नीट चालते आणि पडते. लॉगमध्ये 'पॅनिक: डब्ल्यूएएल कंटेन्स रेफरन्सेस टू इनव्हॅलिड पेजेस', म्हणजे डब्ल्यूएएलमध्ये (बदलांची नोंदवही) नसलेल्या पानांचे उल्लेख आहेत. परत चालू केली की तिथेच पुन्हा आडवी. तिसऱ्यांदा नवी कॉपी केली, तेच. मेमटेस्ट (मेमरीची तपासणी) रात्रभर चालवला, डिस्क तपासली, दोन्ही ठीक.

दुसरी भानगड: रेप्लिकावर '१२-१' हा पार्टी कोड शोधला तर शून्य ओळी येतात. पूर्ण यादी काढली तर पार्टी तिथे बसलेली! प्रायमरीवर लगेच सापडतो. पडझडीत इंडेक्स (शोधायची क्रमवार सूची) खराब झाला असं समजून रात्री प्रायमरीवर रीइंडेक्स केलं, म्हणजे तो नव्याने बांधला, काडीचा फरक नाही. आता काय करू?

लष्करवाला:
कॉपी कशी केलीत? आणि दोन्ही मशीनवर '१-१' आणि '११' या दोन ओळी तुमच्या डेटाबेसच्याच लोकॅलमध्ये (भाषा आणि अक्षरक्रमाची सेटिंग) सॉर्ट कमांडला देऊन बघा. आकडे इंग्रजी कीबोर्डवरचे द्या.

सियागंजचा मुनीम:
आरसिंकने (फाइली कॉपी करायचं साधन), डेटाबेस चालू असताना. बंद करायला मालक तयार नाहीत, सकाळपासून हम्माल आणि गाड्या दारात. लोकॅल दोन्हीकडे अमेरिकन इंग्रजी, यूटीएफ-८. सॉर्ट मात्र वेगळं आलं! पेढीवर आधी ११, गोदामात आधी १-१.

लष्करवाला:
मग तुमच्याकडे दोन आजार आहेत आणि तुम्ही एकच औषध देताय.

पहिला आजार कॉपीचा. चालू डेटाबेस नुसत्या आरसिंकने उचलला की काही पानं आधीची, काही नंतरची येतात. बॅकअप सुरू झाल्याची खूण नसल्यामुळे कुठल्या डब्ल्यूएएलपासून दुरुस्ती करायची ते रेप्लिकाला कळत नाही. पुढे एखादी नोंद नसलेल्या पानाकडे बोट दाखवते आणि पॅनिक होतो. कॉपी पोस्टग्रेसच्याच पीजी_बेसबॅकअप साधनाने घ्या, त्यासाठी डेटाबेस बंद करावा लागत नाही. शोधताना इग्नोर_इनव्हॅलिड_पेजेस नावाची सेटिंग सापडेल. तिच्याने रेप्लिका उठेल, पण खराब डेटा घेऊन उठेल. हात लावू नका.

दुसरा आजार ग्लिबसीचा (लिनक्सची मूळ लायब्ररी). अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतो आणि ग्लिबसी २.२८ मध्ये तो बदलला. सेंटओएस ७ वर २.१७ आहे, रॉकी ८ वर २.२८. रेप्लिकेशनमध्ये इंडेक्सची पानं जशीच्या तशी जातात. पेढीच्या क्रमाने लावलेल्या कपाटात गोदामवाला स्वतःच्या क्रमाने शोधतो, मग '१२-१' कसा सापडणार? रीइंडेक्सने फरक पडला नाही कारण प्रायमरीने परत आपलाच क्रम लावून पाठवला. रेप्लिकावर रीइंडेक्स चालतच नाही. चेकसमही (पान बिघडलं का ते तपासायचा आकडा) हे पकडणार नाही, पान बाइटनबाइट शाबूत असतं.

खात्रीसाठी प्रायमरीवर ॲमचेक हे इंडेक्स तपासणारं एक्स्टेंशन टाका, ते रेप्लिकावर आपोआप येईल. मग दोन्हीकडे पीजी_ॲमचेक चालवा, हीपऑलइंडेक्स्डसकट (टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का ते बघणारा पर्याय). पॅरेंट चेकचा पर्याय गोदामात वापरू नका. तो लॉक मागतो, रेप्लिका देत नाही. आणि एक विनंती, दादा: हे मिटेपर्यंत ती रेप्लिका प्रमोट करू नका, म्हणजे तिला प्रायमरी बनवू नका. युनिक इंडेक्सला जुना कोड दिसला नाही तर तोच कोड दुसऱ्यांदा बिनदिक्कत घेईल.

सियागंजचा मुनीम:
बेसबॅकअपने नवी कॉपी केली, आठ दिवस झाले, पडली नाही. पीजी_ॲमचेक प्रायमरीवर स्वच्छ. रेप्लिकावर 'आयटम ऑर्डर इनव्हेरियंट' च्या (क्रम चुकल्याच्या) ११ तक्रारी, सगळ्या अक्षरी कॉलमच्या इंडेक्सवर. बिल नंबरसारख्या पूर्णांकांवर एकही नाही. इंडेक्सस्कॅन आणि बिटमॅपस्कॅन बंद करून, म्हणजे इंडेक्स न वापरता, शोधलं तर '१२-१' हजर!

सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला, तेव्हा मागे जाण्यात अर्थ नाही. पीजी_डंपने (डेटा बाहेर काढायचं साधन) काढून गोदामातल्या रॉकीवर नवा डेटाबेस भरतो, म्हणजे इंडेक्स तिथल्या क्रमाने बनतील. नंतर पेढीच्या मशीनवर रॉकी टाकून तिलाच रेप्लिका करतो. मालकांनी रविवारचे सहा तास दिलेत. ६० जीबीला पुरतील का? कोणी केलं असेल तर सांगा.