पाकळी काढत नाहीत, चिरतात

'हृदयातल्या जुन्या कृत्रिम झडपेच्या पाकळ्या आधी काढून का टाकत नाहीत?' हा प्रश्न रास्त आहे. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत सर्जन जुनी झडप काढतोच. कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, नवी बसवताना मात्र जुनी आतच राहते आणि तिच्या पाकळ्या बाहेर ढकलल्या जाऊन उभ्या राहतात. कोरोनरीचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीचं, तोंड खाली आणि आजूबाजूची जागा अरुंद असेल, तर तोंडावर पडदाच ओढला जातो. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

म्हणून आधी सीटी स्कॅनवर नवी झडप बसल्याची कल्पना करून तिच्यापासून कोरोनरीच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजतात. ते ४ मिमीपेक्षा कमी असेल तर धोका जास्त. जुन्या झडपेच्या पाकळ्या सांगाड्याच्या बाहेरून शिवलेल्या असतील तर आणखी सावध.

अशा वेळी 'बॅसिलिका' करतात. पाकळीच्या बुडातून विद्युतभारित तार पार करायची, पलीकडे फासात पकडायची आणि पाकळी उभी चिरायची, म्हणजे चिरेतून कोरोनरीत रक्त जात राहतं. वीज सोडताना डेक्स्ट्रोजचं पाणी सोडतात, मिठाचं नाही, म्हणजे प्रवाह रक्तात पसरत नाही. नवी झडप हाताशी तयार ठेवावी लागते, कारण चिरलेल्या पाकळीतून रक्त लगेच मागे गळू लागतं.

कोरोनरीत आधीच स्टेंट ठेवून गरज पडल्यास उघडायचा, हा जुना मार्ग आहेच. पण तो स्टेंट नव्या झडपेच्या बाजूने वर डोकावत राहतो, पुढे कधी अँजिओग्राफी करायची म्हटलं की डोकेदुखी. शक्य असेल तिथे मला चिरणंच बरं वाटतं. अर्थात पाकळीत कॅल्शियम फार साचलं असेल तर चीरही नीट उघडत नाही.