मदत हवी आहे: दाढ काढली आहे, इम्प्लांट करू की नको?

पारोळेकर
नमस्कार मंडळी. दाढ काढून झाली आहे. डॉक्टर म्हणतात इम्प्लांट करा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर दाताची कॅप, कॅपसकट ३८ हजार. ब्रिज केला, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधला दात बसवला, तर १५ हजार. घरचे म्हणतात एका दाढेपायी एवढा पैसा घालू नका, कापूस अजून घरातच पडून आहे. शनिवारी डॉक्टरांना हो-नाही कळवायचं आहे. ज्यांनी केलंय त्यांनी फक्त करू की नको तेवढं सांगा.

भुसावळचा रेल्वेवाला
कोणती दाढ? वरची की खालची? वय किती? अक्कलदाढ असेल तर तिच्या जागी काहीच बसवत नाहीत, पैसे वाचले समजा.

गिरणाकाठ
दात कोनता शे ते सांग ना भाऊ आधी. वरना का खालना?

शिरपूर_४२५४०५
डोळे झाकून इम्प्लांट करा. मी केलंय, हाडं चावतो मटणाची. ब्रिजसाठी दोन्ही बाजूचे चांगले दात घासून बारीक करतात. एक दात गेला म्हणून दोन चांगल्या दातांची वाट का लावायची?

भुसावळचा रेल्वेवाला
वाट कसली? माझा ब्रिज २०११ पासून तोंडात आहे. दोन-तीन खेपांत काम उरकलं. इम्प्लांटला स्क्रू टाकून महिनोन्‌महिने थांबायचं, मग कॅप. शिवाय ऑपरेशन. शेतीवाल्या माणसाला एवढा वेळ असतो का?

शिरपूर_४२५४०५
तुमच्या ब्रिजखाली अन्न अडकत नाही? खरं सांगा.

भुसावळचा रेल्वेवाला
अडकतं. रोज रात्री बारीक ब्रश घालून काढतो. इम्प्लांटच्या भोवतीही अडकतं, ते तुम्ही सांगत नाही.

सुनंदाताई
भाऊ, लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्याने लावा, ठणका लगेच थांबतो. आणि रोज सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या करा.

पारोळेकर
ताई, दाढच नाही तर ठणका कुठून येणार. खालची डावीकडची मोठी दाढ आहे, अक्कलदाढ नाही. वय ४६. तिच्या मागच्या दाढेचं रूट कॅनल होऊन कॅप बसवली आहे. पुढचा दात चांगला आहे. एका बाजूनेच चावतो, कळण्याची भाकरी, शेंगदाणे सगळं उजवीकडे. त्यामुळे आता उजवीकडचा जबडाही दुखायला लागला. आता तरी सांगा.

दातांची डॉक्टर, धुळे
दादा, या माहितीने बराच फरक पडतो. अजून तीन गोष्टी हव्यात. दाढ काढून नेमका किती काळ झाला? शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काही आहे का? तंबाखू, मिसरी, बिडी?

केळीवाला रावेर
हे स्क्रूचं फॅड नवीन आहे. आमच्या आजोबांचे सगळे दात पडले होते, तरी ते पंच्याऐंशी वर्षं जगले. एका दाढेने काय अडतं? आहे तसं राहू द्या.

दातांची डॉक्टर, धुळे
नवीन नाही, दादा. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, ते त्याला चाळीस वर्षांहून जास्त पुरले. टायटॅनियमला जबड्याचं हाड घट्ट धरतं, त्यावरच सगळं काम चालतं. आणि ‘आहे तसं राहू द्या’ म्हणाल तर जागा तशी राहत नाही. मागची दाढ हळूहळू पुढे कलते, वरची दाढ खाली उतरते. पुढे काही बसवायचं म्हटलं तर जागाच उरत नाही. कवळीवर आयुष्य काढलेली माणसं मीही रोज बघते, पण ४६ व्या वर्षी मी तो सल्ला देणार नाही.

पारोळेकर
दोन वर्षं होत आली. शुगरची गोळी चालू आहे, ती तर आता घरोघरी असते. तंबाखू अधूनमधून, शेतात असलो की.

गिरणाकाठ
हाईच सांगानं व्हतं भाऊ पहिले!

दातांची डॉक्टर, धुळे
दादा, मग शनिवारी हो किंवा नाही कळवू नका. आधी एचबीएवनसी करा, त्यात मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. सातच्या आसपास असेल तर इम्प्लांटला सहसा अडचण येत नाही. आठच्या वर असेल तर मी स्वतः थांबवते, कारण जखम भरायला वेळ लागतो आणि हाड स्क्रूला नीट धरत नाही. तंबाखू हा दुसरा शत्रू. बसवायच्या आधी आणि नंतर काही आठवडे पूर्ण बंद. कायमची सुटली तर फारच बरं, कारण तंबाखू चालू असली की इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजते, हाड झिजतं आणि चांगला बसलेला स्क्रूसुद्धा हलायला लागतो.

दाढ काढल्यावर हाड सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात झिजतं. तुमची दोन वर्षं झाली, म्हणजे आता रुंदी किती उरली ते बघायला हवं. साध्या एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन लागतो. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस जाते, स्क्रूचं टोक तिच्यापासून किमान दोन मिलिमीटर लांब हवं. स्कॅन न काढता कोणी थेट तारीख देत असेल तर ‘स्कॅन कधी काढायचा?’ एवढं विचाराच.

शिरपूर_४२५४०५
म्हणजे मी म्हणतो तेच, इम्प्लांट.

दातांची डॉक्टर, धुळे
हाड आणि साखर बरी असेल तर हो. मागच्या दाढेला आधीच कॅप आहे, तिथे ब्रिजसाठी नवा चांगला दात जाणार नाही. पण पुढचा निरोगी दात घासावा लागेलच. आणि रूट कॅनल झालेल्या दाढेवर जास्तीचा भार येईल, ती किती मजबूत उरली आहे ते तपासायला हवं. रेल्वेवाले दादांचा ब्रिज टिकला कारण ते रोज रात्री स्वच्छ करतात. साखर आटोक्यात येत नसेल तर तुमच्यासाठी मीही ब्रिजच सांगेन.

केळीवाला रावेर
पैशांचं काय? पारोळ्याहून धुळे जवळ पडतं, साक्री रोडला एसीपीएम डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात खर्च कमी येतो, विचारून बघा.

भुसावळचा रेल्वेवाला
कॉलेजात खेपा जास्त होतात, तेही धरा. आणि इम्प्लांट केलंच तर डब्यावरचं स्टिकर मागून घ्या, कंपनी आणि लॉट नंबर त्यावर असतो. माझ्या मेव्हण्याची कॅप ढिली झाली तेव्हा डॉक्टर बदललेले होते आणि स्क्रू कोणत्या कंपनीचा ते कोणालाच माहीत नव्हतं.

सुनंदाताई
आणि बसवल्यावर थोडे दिवस भरीत बंद ठेवा. बामणोदची वांगी आली आहेत म्हणून राहवणार नाही, पण मिरचीचं बी आणि शेंगदाण्याचा चुरा टाक्यांत जाऊन बसतो. आमच्याकडे झालंय. मऊ खिचडी, ताक.

पारोळेकर
ठीक. शनिवारी डॉक्टरांना स्कॅनचं आधी विचारतो. त्या रक्ताच्या तपासणीला उपाशी जावं लागतं का?

दातांची डॉक्टर, धुळे
नाही, जेवून गेलात तरी चालतं. रिपोर्टचा आकडा इथे टाका.

सुनंदाताई
डॉक्टर, माझ्या आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एक इंजेक्शन देतात. तिची एक दाढ हलते आहे. काढली तर चालेल का?

दातांची डॉक्टर, धुळे
ताई, घाई करू नका. त्या इंजेक्शनवर असताना दाढ काढली तर काहींची जबड्याची जखम भरत नाही. इंजेक्शनचं नाव आणि शेवटचा डोस कधी झाला ते घेऊन आधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा. आणि वेगळा धागा काढा, इथे हरवेल.