कुलूप-किल्लीची आकृती पुस्तकातून काढून टाका

धागालेखिका:
बारावीला बायो शिकवते. एन्झाइमचा, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया वेगानं घडवणाऱ्या रेणूंचा, धडा आला की पोरं कुलूप काढतात (हे एन्झाइम), त्यात बसणारी किल्ली काढतात (ही सब्सट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ), झालं, मार्क मिळाले. एमिल फिशरनी ही उपमा १८९४ मध्ये दिली, तेव्हा एन्झाइम म्हणजे प्रोटीन हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. १९५८ मध्ये कोशलँडनी इंड्यूस्ड फिट मांडलं, म्हणजे सब्सट्रेट आत आला की एन्झाइम स्वतःचा आकार बदलून त्याला जुळवून घेतं. ग्लुकोजला फॉस्फेट जोडणारं हेक्सोकायनेजच बघा, ग्लुकोज खाचेत शिरलं की दोन्ही बाजूचे भाग जबडा मिटावा तसे जवळ येतात. कुठलं कुलूप किल्लीभोवती मिटतं? मुलांच्या डोक्यात एकदा टणक कुलूप बसलं की नंतर निघता निघत नाही हो.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. कोणतं एन्झाइम कोणाला धरतं हे त्याच आकृतीनं कळतं. ट्रिप्सिन हे पचनाचं एन्झाइम प्रोटीनची साखळी लायसिन नाहीतर आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढेच तोडतं, कारण त्याच्या खळग्याच्या तळाशी अ‍ॅस्पार्टेट आहे, त्यावर ऋण भार आणि या दोघांवर धन, म्हणून तेच आत टिकतात. हे कुलूप-किल्ली नाही तर काय?

धागालेखिका:
ट्रिप्सिन मान्य. पण हेक्सोकायनेजच्या त्या जागेत पाणीही सहज मावतं, मग एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) फॉस्फेट ग्लुकोजऐवजी पाण्यालाच का जात नाही? कारण पाण्याच्या एवढ्याशा रेणूनं तो जबडा मिटतच नाही. ग्लुकोजच्या मानानं पाण्याशी क्रिया साधारण ४०,००० पट हळू होते. नुसतं आत मावण्यावर असतं तर पेशीतलं एटीपी फुकट गेलं असतं.

प्रतिसाद २:
तुम्ही दोघंही बसण्यावरच भांडताय, पण एन्झाइमचं काम रिअ‍ॅक्शन घडवायचं आहे, सब्सट्रेट अगदी घट्ट, आरामात बसला तर तो तिथेच बसून राहील ना! शास्त्रज्ञ हॉल्डेन १९३० मध्येच म्हणाले होते की किल्ली कुलपात तंतोतंत बसत नाही, थोडा ताण येतो. पुढे रसायनशास्त्रज्ञ पॉलिंगनी सांगितलं की एन्झाइमची जागा जुळते ती बंध अर्धवट तुटलेल्या, अर्धवट जुळलेल्या मधल्या अवस्थेशी, ट्रान्झिशन स्टेटशी. हे शिकवत नाहीत याचा मला जास्त त्रास होतो.

प्रतिसाद १:
ताणाचा मुद्दा एकदम बरोबर, तो धड्यात यायलाच हवा. आणि ताई, पाण्याचं उदाहरण मस्तच, वाचून पुन्हा वाचलं. पण ते मला पटकन कळलं कारण खळगा, आकार, आत मावणं हे आधी डोक्यात होतं, आणि ते बारावीतल्या त्याच कुलपानं घातलं होतं. आकृती राहू द्या, तिच्या शेजारी जबडा काढा.