मुलुंडच्या घरची मोरी तुंबतेय, आईने ॲसिड आणायच्या आत सांगा

मुलुंडकर:

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलामेलीत हे घुसवायला नको म्हणून वेगळा विषय काढलाय. मुलुंड पूर्वेला आई-बाबांच्या बाथरूमचं पाणी फार सावकाश जातंय. अंघोळ संपेपर्यंत घोटाभर पाणी साठतं आणि मग हळूहळू उतरतं. बाबा पंच्याहत्तरीचे, त्या पाण्यातून चालताना घसरले तर काय, ही मुख्य काळजी. बिल्डिंग तीसेक वर्षं जुनी, घर चौथ्या मजल्यावर. सोसायटीचा प्लंबर "येतो येतो" म्हणतोय. आईचं म्हणणं, हार्डवेअरवाल्याकडून ॲसिडची बाटली आणते आणि ओतते. इथे न्यू जर्सीत दुकानात मिळतं तसलं तुंबलेला पाइप मोकळा करायचं जेल मी तिकडे ऑनलाइन मागवून देऊ का? उत्तर लवकर द्या, इथे रात्रीचे दहा म्हणजे तिथे सकाळचे साडेसात, दुकानं उघडतीलच.

एडिसनच्या काकू:

अरे, त्यात काय एवढं! खायचा सोडा टाकायचा, वरून व्हिनेगर. मस्त फेस येतो, सगळं साफ. मी इथे दर महिन्याला करते.

गिरगावकर काका:

मुलुंडकरा, आधी आईला फोन कर, ॲसिड नको म्हणून सांग, मग पुढचं वाच.

बाथरूम धुवायला म्हणून तिकडे बाटलीत मिळतं ते बहुतेक हायड्रोक्लोरिक ॲसिड. मोरीत अडकतात ते केस, आणि केसांवर बसलेला साबण-तेलाचा चिकटा. त्यांना हे ॲसिड फारसं काही करत नाही. ते खातं चुना आणि सिमेंट. म्हणजे टाइल्सच्या सांध्यांतला माल, ट्रॅपच्या (जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या वळणाच्या) कडेचा माल, आणि मोरीला शहाबादी असेल तर ती फरशीसुद्धा, कारण शहाबादी हा चुनखडकच. ट्रॅपची कड मोकळी झाली की पाणी खालच्यांच्या छतातून उतरायला लागतं आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुझ्या बाबांना उत्तरं द्यावी लागतात. त्यातून आदल्या दिवशी कोणी मोरीत ब्लीच टाकलं असेल आणि त्यावर हे ॲसिड पडलं, तर क्लोरीन वायू सुटतो. आपल्या बाथरूमची खिडकी म्हणजे काचेच्या चार पट्ट्या. तिथे म्हाताऱ्या माणसाने हा प्रयोग करू नये.

तुंबलंय कुठे हे कळल्याशिवाय काहीही ओतायचं नाही. बादलीभर पाणी थेट जाळीवर ओतायला सांग. ते भराभरा गेलं आणि एरवी पाणी लांबच्या कोपऱ्यात साठत असेल, तर मोरी तुंबलेलीच नाही, फरशीचा उतार चुकलाय. ते काम लादीवाल्याचं. बादलीही साठली तर बेसिनचा नळ सोडून बघ. आपल्याकडे बऱ्याच घरांत बेसिनचं पाणी मोरीच्याच ट्रॅपमध्ये येऊन पडतं. नळ सोडल्यावर जाळीतून पाणी वर येत असेल तर अडथळा ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढे. बेसिन एकटंच हळू असेल तर त्याच्याखालचा बॉटल ट्रॅप हाताने फिरवून उघडतो, खाली बादली ठेवायची. आणि तिसऱ्या, पाचव्या मजल्यावरही हीच रड असेल, तर अडथळा डक्टमधल्या, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या पोकळीतल्या, उभ्या पाइपात. तिथे आईने काही करण्यासारखं नाही, सेक्रेटरीला गाठा.

एक सांगून ठेवतो. जाळी काढली की खाली पाणी उभं दिसेल, त्याला घाबरू नका. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम असायलाच हवं. गटाराचा वास आणि झुरळं तेच अडवतं. आई-बाबा सहा महिने इकडे राहून परत गेले की घरभर वास येतो ना, तो हे पाणी सुकल्यामुळे. शेजाऱ्यांकडे किल्ली असते, त्यांनी अधूनमधून प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी टाकलं तरी पुरतं.

पार्ल्याची ताई (सध्या मुक्काम पार्ले, मंडळाची मेल मात्र रोज वाचते):

काकांचं सगळं बरोबर, पण मुलुंडकरांच्या आई काम कसं करतील ते मी सांगते, कारण मी ते इथे स्वतः करते.

रबरी हातमोजे, बसायला पाट किंवा प्लॅस्टिकचं स्टूल, आणि वाकून करायचं काम बाबांना अजिबात द्यायचं नाही. जाळीला स्क्रू असतील तर ते आधी काढायचे. नसतील तर कडेला सुरीचं बोथट टोक घालून ती उचलायची. आजकाल सगळीकडे झुरळांची जाळी बसवतात. तिच्या पोटात एक उपडी वाटी असते, फिरवली की सुटते. निम्म्या घरांतली तक्रार तिथेच संपते. वाटी आणि जाळी यांच्यातली फट इतकी बारीक असते की चार केस आणि साबणाची चिपटी अडकली तरी पाणी थांबतं. वाटी जुन्या टूथब्रशने घासून घ्यायची.

त्यानंतर ट्रॅप. आत टॉर्च मारायचा आणि दिसेल ते काढायचं, ढकलायचं नाही. खराट्याचे दोन-तीन हीर एकत्र बांधून आत फिरवले की केस गुंडाळून वर येतात. दातेरी प्लॅस्टिकची लांब पट्टीही मिळते, ती जास्त चांगली, स्वस्तही आहे. कपडे वाळत घालायच्या तारेचा आकडा नको. त्याने ट्रॅप खरवडला जातो आणि पुढच्या वेळी केस तिथेच धरतात. निघालेला गोळा कागदात गुंडाळून कचऱ्यात. कमोडमध्ये टाकलात तर तीच रड पुढच्या खोलीत.

मग गीझरचं गरम पाणी, दोन-तीन बादल्या एकदम. उकळतं नको. पीव्हीसीचा पाइप 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. एवढ्यावरही पाणी हळूच गेलं तर रबरी पंप. बेसिनचं पाणी त्याच ट्रॅपमध्ये येत असेल तर बेसिनच्या भोकात ओलं फडकं दाबून धरायचं, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो.

मुलुंडकर, वॉशिंग मशीनचा पाइप त्याच मोरीत सोडलाय का? कपड्यांचे तंतू केसांत बसले की नमदा तयार होतो. पाइपच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा आणि तो वेळच्या वेळी बदला. आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं का? तानसा, भातसाचं पाणी मऊ असतं. बोअरच्या जड पाण्यात साबण फेस कमी करतो, चिकटा जास्त. दिवाळीच्या आठवड्यात तर उटणं, तेल आणि साबण यांचा लगदाच होतो. आमच्या प्लंबरला भाऊबीजेनंतर फोन लावून बघा, आठवडाभर उचलत नाही.

पवईकर (केमिकलवाला):

काकू, रागावू नका. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच संपवतात. कार्बन डायऑक्साइडचा फेस सुटतो, मागे राहतं पाणी आणि सोडियम ॲसिटेट. केसांना त्याचं काही नाही. तुमच्या सिंकमध्ये उपयोग होत असेल तर तो बहुधा नंतर ओतलेल्या गरम पाण्याचा.

कॉस्टिक सोडा मात्र खरंच काम करतो. तेल-चरबीचा साबण करतो आणि केसही विरघळवतो. तुमच्या जेलमध्येही बहुतेक वेळा तोच असतो, सोबत ब्लीच. पण तो पाण्यात पडला की प्रचंड तापतो. सोडा पाण्यात घालायचा असतो, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून डोळ्यात येतं. ॲल्युमिनियमशी गाठ पडली तर हायड्रोजन सुटतो. ॲसिडनंतर तर नकोच नको. आणि त्याने काम झालं नाही तर तेच पाणी ट्रॅपमध्ये उभं राहतं, मग पंप मारणाऱ्याच्या तोंडावर उडतं. कोणी काही ओतलं असेल तर प्लंबरने हात घालायच्या आधी त्याला सांगायलाच हवं. दोन ज्येष्ठ माणसं राहतात त्या घरात मी तरी हे पाठवणार नाही.

एडिसनच्या काकू:

बरं बाबा. व्हिनेगर सॅलडमध्येच घालते.

मुलुंडकर:

मंडळी, खूप आभार. आईने व्हिडिओ कॉल लावून ऑपरेशन केलं, बाबा टॉर्च धरून खुर्चीवर. झुरळांची जाळीच निघाली. वाटी इतकी घट्ट बसली होती की फिरेना. गरम पाण्याचं फडकं ठेवल्यावर सुटली. ट्रॅपमधून मूठभर केस निघाले. आई म्हणाली, हे सगळे माझे नाहीत, तुझी ताई मे महिन्यात राहून गेली.

पाणी आता बरंच बरं जातंय, पण पूर्वीसारखं नाही. बेसिन ठीक, वॉशिंग मशीन किचनच्या बाल्कनीत, वरच्या-खालच्या घरांची तक्रार नाही. हीर आत घातला की एका जागी काहीतरी टणक लागतं. गेल्या वर्षी बाथरूमच्या टाइल्स बदलल्या, त्याचा संबंध असेल का?

गिरगावकर काका:

तोच संबंध. हे पहिल्याच मेलमध्ये लिहायचं होतंस की रे!

लादीवाले दिवसभर काम करतात आणि संध्याकाळी घमेलं, थापी मोरीतच धुतात. सांधे भरायचा पांढरा सिमेंटचा मालही तिथूनच जातो. ट्रॅपचं तोंड गोणपाटाने बंद करून घ्यायला हवं, पण मालक दिवसभर उभा राहिला तरच ते होतं. तो माल ट्रॅपच्या वळणात बसतो आणि घट्ट होतो. लगेच काही कळत नाही. पीव्हीसी गुळगुळीत असतो, त्यावर केस टिकत नाहीत. सिमेंटच्या खडबडीत गोळ्याला मात्र ते अडकतात, त्यावर साबण, त्यावर परत केस. म्हणून वर्षभराने त्रास सुरू झाला.

आता कोणीतरी विचारेलच की ॲसिड सिमेंट खातं तर टाकू या की. ते गोळ्याच्या आधी ट्रॅपच्या कडेचा सांधा खाईल. नको.

इथे प्लंबरच हवा, आणि तो आला की आईने उभं राहून दोन गोष्टी सांगायच्या. स्प्रिंग (पाइपात घालायची लांब, लवचीक तार) हाताने फिरवायची, मशीन लावायचं नाही. आणि सळई-छिन्नीने ठोकायचं नाही. गोळा हलला तर आकड्याने वर काढायचा. पुढे ढकलला तर तो आडव्या पाइपात बसेल आणि तिथवर हात पोचत नाही. ट्रॅप फुटला तर टाइल्स फोडण्यावाचून इलाज नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये बाथरूमखालचा स्लॅब खाली घेऊन ट्रॅप त्यातच बसवलाय की ट्रॅप खालच्यांच्या बाथरूमच्या छतातून लोंबतो, तेही विचार. लोंबत असेल तर कामाच्या वेळी खालच्या घरात कोणीतरी बघत राहायला हवं. खालच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं, नंतर भांडण होत नाही.

पैशांचं म्हणशील तर घरातली मोरी, ट्रॅप, बेसिन हा खर्च सभासदाचा. डक्टमधला सामाईक पाइप सोसायटीचा. हा ट्रॅप तुमचा, तेव्हा वाद नको.

लालबागकर:

थोडं विषयांतर. चौथा मजला म्हणून तुमचं बरं आहे. माझ्या मामाचं घर तळमजल्यावर, परळला. तिथे मोरी तुंबत नाही, उलटी वाहते. जोराचा पाऊस आणि त्यात भरती असली की पावसाच्या पाण्याच्या नाल्यांना समुद्रात जायला वाट नसते. रस्त्यावर साचलेलं पाणी चेंबरमधून सांडपाण्याच्या लाइनमध्ये शिरतं आणि खालच्या घरांच्या जाळीतून वर येतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाचं तर विचारूच नका. तेव्हा तळमजल्यावरची मोरी फक्त पावसात हळू होत असेल तर ट्रॅप खोदत बसू नका, दोष बाहेर आहे. सोसायटीच्या आवारातला चेंबर बघा. तो ठीक असेल आणि रस्त्यावरचा भरला असेल तर बीएमसीच्या 1916 वर तक्रार नोंदवा.

आणि कुणा पोराला हजार रुपये देऊन मॅनहोलमध्ये उतरवू नका. मामांच्या सोसायटीत एकाने हे सुचवलं होतं. विषारी वायूने माणसं मरतात, आणि 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. मैला उपसायची गाडी मागवायची.

पार्ल्याची ताई:

लालबागकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्याकडेही "माणूस पाठवा" हाच शब्द पटकन तोंडात येतो.

मुलुंडकर, प्लंबर येईपर्यंत मोरीपाशी रबरी जाळीची चटई टाका, बाबांसाठी. आणि आईंना सांगा, विंचरताना निघालेले केस मोरीत सोडू नका. हे आमच्या आजीने सांगितलेलं, तेव्हा आम्ही हसायचो.

मुलुंडकर:

प्लंबर एकदाचा आला. काकांनी लिहिलेलं आईने कागदावर उतरवून ठेवलं होतं, तो वाचून तो म्हणाला, "आजी, तुम्हीच करता का?" स्प्रिंग हाताने फिरवली, वळणातून सुपारीएवढे पांढऱ्या सिमेंटचे तुकडे निघाले, एक जरा मोठा. खालच्या काकांनी स्टुलावर उभं राहून छत बघितलं, ओल नाही. आता बादली ओतली की पाणी आवाज करत जातं.

जुन्या जाळीची वाटी गंजलीय, ती बदलायची म्हणतो. स्टीलची जाळी पुढच्या आठवड्यात येणाऱ्या आतेभावाबरोबर पाठवू का, असं आईला विचारलं, तर म्हणाली, मुलुंड स्टेशनबाहेर हवी तेवढी मिळते, उगाच अमेरिकेतून लोखंड पाठवू नकोस. पाच इंची की सहा इंची, ते मात्र मोजून न्यायचं आहे. काका, माप जाळीचं घ्यायचं की खालच्या चौकटीचं?

गिरगावकर काका:

चौकटीचं, आतून. आणि जुनी जाळी पिशवीत घालून दुकानात न्या.